जिवंत बाईचा टाक

टाकाचे डोळे सगळ्यांत शेवटी उघडायचे असतात. तोवर नाक, कान, पदर, बांगड्या सगळं उमटलेलं असलं तरी तो नुसता चांदीचा पत्रा. मग टोकदार कलम डोळ्याच्या जागी टेकवायचं आणि वरून हातोडीचा एक हलका टोला द्यायचा. दुसऱ्या डोळ्याला दुसरा. दोन टिंबं उमटली की त्या पत्र्याला ओलांडायचं नाही, त्याच्याकडे पाय करायचे नाहीत, आणि तो वितळवायचा तर कधीच नाही. परतूरला मी चाळीस वर्षं हे काम केलं. दुसरा टोला देताना माझा हात दर वेळी कापायचा. ही गोष्ट माझ्या पत्नीशिवाय कोणाला माहीत नव्हती. वत्सला चैत्रात गेली. तेव्हा आता लिहायला हरकत नाही.

ज्यांच्या घरी टाक नसतात त्यांच्यासाठी थोडं सांगतो. टाक म्हणजे देवघरातली अंगठ्याएवढी चांदीची प्रतिमा, खाली सरळ आणि वर टोक असलेली, लहानशा घराच्या आकाराची. खंडोबाचा, भवानीचा टाक असतो, तसा घरातल्या गेलेल्या माणसांचाही असतो. पुरुष घोड्यावर बसलेला, बाई उभी आणि दोन्ही हात छातीशी. कांशाच्या जाड तुकड्यात आकृती उलटी कोरलेली असते, तिला आम्ही ठसा म्हणतो. ठशावर पातळ पत्रा ठेवायचा, पत्र्यावर शिशाची चकती, आणि वरून ठोकायचं. शिसं मऊ असल्यामुळे पत्र्याला खळग्यात दाबतं पण फाडत नाही. मग मागच्या पोकळीत लाख भरायची आणि तांब्याचा पत्रा लावून कडा मुडपायच्या.

बाईचा ठसा आमच्या घरात एकच होता, पणजोबांच्या हातचा. त्या एका ठशातून तालुक्यातल्या किती सासवा, जावा आणि लेकी निघाल्या याची गणती नाही. सगळ्यांचा चेहरा एकच. मग ही अमुकच बाई हे ठरायचं कशावरून? कारागिरानं घेतलेल्या नावावरून. डोळे उघडताना गेलेल्या माणसाचं नाव तीनदा घ्यायचं, ही आमच्या घरची रीत.

आपल्याकडे आकृत्या काही कमी नाहीत. पोळ्याला मातीचे बैल येतात, महालक्ष्म्यांचे मुखवटे येतात, गणपती येतो. पण बैल पुजून झाले की पोरांच्या खेळात जातात, मुखवटे कापडात गुंडाळून पेटीत जातात, गणपती पाण्यात जातो. या सगळ्यांना परत जायची वाट आहे. टाकाला नाही. तो एकदा आला की पिढ्यान्‌पिढ्या राहतो, आणि बघत राहतो. लहानपणी वडिलांच्या फळीवर डोळे न उघडलेल्या टाकांची रांग असायची. त्या आंधळ्या रांगेची मला भीती वाटायची, आणि डोळे उघडलेल्यांची त्याहून जास्त.

वडिलांना आम्ही नाना म्हणायचो. माणसाचा टाक करायला घेण्याआधी नाना गिऱ्हाइकाला तीन सवाल विचारायचे. नाव काय? कोणत्या दिवशी गेलं? आणि शेवटी तोंडात पाणी कोणी घातलं? या तिन्हींची उत्तरं मिळाल्याशिवाय ते ठशाला हात लावत नसत. मी एकदा विचारलं, तिसरा सवाल कशाला? नाना म्हणाले, "पह्यल्या दोन सवालांना माणूस तोंडानं उत्तर देतो. तिसऱ्याला डोळ्यानं. तिथं खोटं चालत न्हाई."

"आणि खोटं निघालं तर?"

"जित्त्या माणसाचा टाक झाला तं टाक त्याला हाका मारीत बसतो. ते आल्याबिगर गप बसत न्हाई. आन ते न्हाई आलं तं दुसऱ्या कोणाला घेतो."

मी तेव्हा बाहेरून बी.ए. करत होतो. वाचनालयातून आणलेली पुस्तकं गल्ल्याखाली ठेवून वाचायचो. नानांचं हे बोलणं मी वहीत उतरवून घेतलं, जसा एखादा अभ्यासक लोकसमजुती उतरवतो. मला वाटलं, वहीत गेली म्हणजे भीती माझ्यातून गेली.

नाना गेल्यावर दुकान माझ्याकडे आलं, आणि पहिली गोष्ट मी बंद केली ती हे सवाल. नुकतंच ज्याच्या घरचं माणूस गेलं त्याला, पाणी कोणी पाजलं, असं भर दुकानात विचारणं मला क्रूर वाटायचं. समोरचा माणूस उत्तर देता देता कोसळायचा आणि मला त्याच्याकडे बघवत नसे. म्हणून मी चिठ्ठ्या छापून घेतल्या. त्यावर तीनच रकाने होते: नाव, गाव, आकार. गिऱ्हाइकानं भरून द्यायचं, आपण काम करायचं, कोणी रडायचं नाही. मला त्या चिठ्ठ्यांचा फार अभिमान होता. वत्सला एवढंच म्हणाली, "नानांच्या तीन सवालांतला एकच राहिला की हो यात."

वत्सला टाक धुवायची. रिठ्याच्या पाण्यात जुन्या मऊ कापडानं, लेकराचं तोंड पुसावं तसं. त्यांच्याशी बोलायचीसुद्धा. "झालं हं मावशी, कानामागं राहिलंय जरा." मी हसायचो. पुस्तकं मी वाचत होतो आणि घाबरतही मीच होतो. ती दोन्हींच्या फंदात पडत नसे, असं मी समजत होतो.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची यायची. एक गृहस्थ वडिलांचा टाक करायला आले. मी घोड्यावरचा ठसा काढला तर म्हणाले, "आमचे बापू जलमात घोड्यावर बसले न्हाईत. फटफटीवर बसवता का त्यान्ला? फटफटीवर लई जीव व्हता." मी म्हटलं, फटफटीचा ठसा नाही. ते विचारात पडले आणि म्हणाले, "मंग घोडा जरा थांबलेला दाखवा. पळत्या घोड्यावरून पडतेल ते."

आणखी एकदा एक शिक्षक आले. बौद्ध घरातले, शांत गृहस्थ. धर्मांतर झालं तेव्हा त्यांच्या घरचे सगळे टाक त्यांच्या आजोबांनी नदीत सोडले होते. आई वारल्यावर तिच्या लुगड्यांत एक सापडला, पाच वर्षांचा असताना गेलेल्या त्यांच्या थोरल्या भावाचा. आईनं तो सगळ्यांपासून लपवून ठेवला होता. शिक्षक म्हणाले, "देव म्हणून मी हा ठेवणार नाही. पण त्याचा फोटो नाही हो आमच्याकडे. भाऊ म्हणून ठेवायचाय. काय करू?" मी टाकाच्या मागे निळं कापड लावून तो काचेच्या चौकटीत बसवून दिला. त्यांनी तो भिंतीवर आईच्या फोटोशेजारी लावला. माझ्या हातून झालेलं हे एक बरं काम. आता दुसऱ्या कामाचं सांगतो.

याला तीसेक वर्षं झाली असतील. लग्नसराईच्या तोंडावर एक माणूस दुकानात आला. त्याचं नाव दत्तराव म्हणू या. आष्टीच्या पुढचं गाव, पंचेचाळिशीचं वय, कपडे स्वच्छ. म्हणाला, "घरवालीचा टाक पाह्यजे. गळ्यात बांधायचा. जल्दी करा, लगीन जवळ आलंय."

गळ्यात बांधायचा म्हणजे सवतीचा टाक. दुसरेपणावर दिलेल्या मुलीच्या गळ्यात लग्नात पहिलीचा टाक बांधतात. नवं लुगडं आधी त्या टाकाच्या अंगाला लावायचं, मग आपण नेसायचं. सणाला घास आधी तिला दाखवायचा, मग आपण जेवायचं. पहिलीचा मान पहिला. तो चुकला तर ती दुसरीला सुखानं नांदू देत नाही, असं म्हणतात.

दत्तरावनं चिठ्ठी भरली. नाव कौसा. मी सांत्वनाचे दोन शब्द बोललो, तो मान हलवत बाहेर रस्त्याकडे बघत राहिला. मला वाटलं, दुःख आवरतोय. तीन दिवसांनी मी कलम टेकवून तीनदा कौसाचं नाव घेतलं आणि डोळे उघडले.

टाक धुताना वत्सला म्हणाली, "हा माणूस वेगळाच वाटला."

"रडला नाही म्हणून? सगळेच रडत नाहीत."

"तसं नव्हे. गेलेल्या माणसाचं नाव माणूस जपून घेतो. यानं हाक मारल्यासारखं घेतलं."

मी तिला म्हटलं, तू फार विचार करतेस.

दिवाळीच्या आसपास एक मुलगी आईबरोबर दुकानात आली. विशीतली असेल, पण मनगटं दहा वर्षांच्या पोरीसारखी. गळ्यात माझ्या हातचा टाक. नाव सिंधू. ती फळीजवळ येऊन हळू आवाजात म्हणाली, "काका, हिचे डोळे जरा बारीक करता येतील का?"

"का ग?"

"लई बघती. मी खाऊन राह्यले की बघती, निजले की बघती. घास आधी तिला दाखवते, लुगडं आधी तिला लावते. तरी तिचं भागत न्हाई."

तिची आई म्हणाली, "अन्न टाकलंय पोरीनं. दवाखाने झाले, सगळं झालं. म्हणती, ती माझ्या आधी जेवती आन माझ्यासाठी काहीच ठिवत न्हाई."

मी तिला समजावलं. चांदी हा धातू आहे, आतमध्ये लाख आहे, बाकी काही नाही, भीती आपल्या मनात असते. मी बराच वेळ बोललो. सिंधूनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मंग पुसा ना ते दोन टिपके. धातूच हाय तं."

मला ते पुसता आले नाहीत. मी म्हटलं, आमच्या धंद्यात तशी रीत नाही. दोघी गेल्या. पायरी उतरताना त्या मुलीनं एक हात टाकावर धरला होता, त्याला काही ऐकू जाऊ नये असा.

पुढच्याच बाजाराला, भर दुपारी, एक धट्टीकट्टी बाई दुकानात आली. कपाळाला घाम आणि डोक्यावर पाटी. तुटलेलं जोडवं फळीवर आपटून म्हणाली, "हे सांधून द्या, सोनारदादा. कापूस येचताना पऱ्हाटीत गुतलं." मी सवयीनं चिठ्ठी पुढे ओढली.

"नाव?"

"कौसाबाई."

"गाव?"

"माहेरचं लिवता का सासरचं?"

"सासरचं."

तिनं आष्टीच्या पुढचं ते गाव सांगितलं. मी न विचारताच पुढे बोलली, "दत्तरावाची म्हणा. टाकलेली. दोन वर्सं झाली, माहेरी हाय. लेकरू न्हाई म्हणून धाडलं, आन आता म्हणे दुसरी केली."

माझ्या हातातली लेखणी थांबली. आणि मी, बी.ए. झालेला माणूस, खाली वाकून तिच्या पायांकडे बघितलं. भुताचे पाय उलटे असतात ना. तिचे पाय सरळ होते, टाचा भेगाळलेल्या, आणि जोडव्याच्या बोटाला पांढरा वण.

"पायाला काय बघून राह्यले? जोडवं इथं हाय!" ती हसली. मोठ्यानं, सगळे दात दाखवून. त्या हसण्याची मला जी भीती वाटली तशी पुन्हा कधी वाटली नाही. इतकी जिवंत बाई, आणि तिचे डोळे मी उघडले होते. नानांचे शब्द वहीतून उठून बाहेर आले. टाक हाका मारतोय. ही कधी ऐकणार?

वत्सलानं तिला पाणी दिलं, माहेरचं गाव विचारलं. ती तांब्या वर धरून घटाघटा प्याली.  जोडवं मी फुकट सांधून दिलं.

ती गेल्यावर वत्सलाला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तुम्ही सवाल विचारायचे सोडले. आता उत्तर चालत आलंय दारात."

"काय करू?"

"तिला सांगा. त्या पोरीला सांगा."

मी म्हटलं, सांगितलं तर त्या मुलीचं लग्न मोडेल, कौसाबाई घाबरेल, दत्तराव दुकानावर येईल. मी आठ दिवस असाच म्हणत राहिलो. त्या आठ दिवसांत मी नवीन एकही टाक केला नाही. नवव्या दिवशी सिंधूच्या आईचा निरोप आला. पोरगी विहिरीत पाय सोडून बसलेली सापडली होती. "ती बोलावती" एवढंच म्हणत होती.

वत्सलानं भाकरी तव्यावर तशीच सोडली, पदर खोचला आणि एस.टी.नं जांब समर्थच्या पुढं कौसाबाईच्या माहेरी गेली. मला विचारलंसुद्धा नाही. सिंधूच्या आईला तिनं निरोप धाडला, उद्या दुपारी पोरीला घेऊन या, डोळे बारीक करून देतो.

दुसऱ्या दिवशी दुकानामागच्या आमच्या घरात सिंधू आणि तिची आई येऊन बसल्या. मी दाराशी उभा होतो. वत्सला कौसाबाईला घेऊन आत आली. येताना रस्त्यात तिनं सगळं सांगितलं होतं. कौसाबाईचा चेहरा रागानं काळवंडलेला होता. पण समोर ती काडीसारखी मुलगी आणि तिच्या गळ्यात आपला टाक दिसला, तशी ती दारातच थबकली.

"ही कोण?" सिंधूच्या आईनं विचारलं.

"मी कौसा."

सिंधू किंचाळली नाही. तिनंही आधी पायांकडेच बघितलं. मग भिंतीला पाठ लावून आक्रसत गेली आणि दोन्ही हात जोडून म्हणाली, "जाते मी. आजच जाते. मला धरू नगं."

कौसाबाई तिच्यापुढं बसली. "मेले न्हाई ग मी. त्यानं खोटं सांगितलंय. हात लाव. लाव की!" मुलगी हात लावेना. तेव्हा कौसाबाईनं वत्सलाला म्हटलं, "वैनी, एक ताट वाढा."

वत्सलानं भाकरी, वरण आणि ठेचा वाढला. कौसाबाईनं ताट सिंधूपुढं सरकवलं. सिंधूनं सवयीनं घास तोडून गळ्यातल्या टाकाला दाखवायला उचलला. कौसाबाईनं तिचं मनगट धरलं.

"त्याला न्हाई. आज तू आधी खा. तुझं उष्टं मी खाते. मेलेलं माणूस कोणाचं उष्टं खातं का?"

 सिंधूनं घास तोंडात घातला. चावला. गिळला. मग कौसाबाईनं त्याच भाकरीचा तुकडा मोडला आणि मोठमोठ्यानं चावून खाल्ला, मुलीला ऐकू जावं म्हणून. सिंधू रडू लागली आणि रडता रडता दुसरा घास घेतला. तिची आई पदरात तोंड घालून बसली होती. मी दाराबाहेर गेलो.

सिंधूनं टाक गळ्यातून काढून वत्सलाच्या हातात दिला. ती तिथून आईबरोबर माहेरी गेली, परत नांदायला गेली नाही. चार दिवसांनी दत्तराव दुकानावर आला. त्यानं आरडाओरडा केला असता तर मला सोपं गेलं असतं. तो फळीवर कोपर टेकवून शांतपणे म्हणाला, "टाक तुम्हीच केला ना?"

"हो."

"नाव तुम्हीच घेतलं ना?"

"हो."

"मंग मेलीच म्हणायची ती. गावाला मी काहून सांगू? टाक सांगतो. टाक हाय तं बाई न्हाई."

 तो खरं बोलत होता. त्याच्या गावात कोणी दाखला मागितला नव्हता, कोणी दहावं कुठं घातलं विचारलं नव्हतं. नव्या नवरीच्या गळ्यात टाक दिसला, तेवढ्यावर एक बाई मेली होती. आणि मारणारा हात माझा होता. वत्सला आतून रिठ्याचे हात पुसत आली. "टाक माझ्याकडंय," ती म्हणाली, "आणि बाई पंचायतीपुढं बसलीय, तुमच्याच गावात. जा, बघून या कोण आहे आणि कोण नाही ते." तो गेला. पुढे कौसाबाईला माहेरच्या गावात शाळेची खिचडी शिजवायचं काम मिळालं. सिंधूचं दुसरीकडे लग्न झालं, लेकरंबाळं झाली.

राहिला टाक. त्याचं विचारायला कौसाबाई एकदा आली होती, तेव्हा ती हसत नव्हती. "दादा, लोकं म्हणतेत, केलेला टाक रिकामा राहत न्हाई. कोणाला तरी जावंच लागतं त्याच्यात. खरं हाय का?"

मी "नाही" म्हणालो, पण आवाजातली भीती तिनं ऐकली. मी टाक उघडला, लाख काढली आणि मागून दाबून ते डोळे सपाट केले. चांदी विसरत नाही. उन्हात धरलं की दोन फिकट खुणा दिसायच्याच. वितळवायला माझा हात धजला नाही.

"द्या इकडं," वत्सला म्हणाली. "माझ्या पेटीत राहील."

"नको," मी म्हणालो.

"का? बी.ए. झालात ना?"

तो टाक तिच्या पेटीत गेला. त्यानंतर तीस वर्षं तिला साधा ताप आला तरी मी पेटीकडे बघायचो. तिला कधी सांगितलं नाही. माझं वाचन चालू होतं. माणूस मृत्यूला आकार का देतो, यावर मी पुष्कळ वाचलं, आणि ते मला पटलंही. पण ती खोकली की मला पेटी ऐकू यायची.

गेल्या वर्षी तिला आजार लागला. वयाचा, सगळ्यांना होतो तसा. चैत्रातल्या एका सकाळी ती गेली. तेराव्यानंतर मी पेटी उघडली. लग्नातल्या शालूच्या घडीत तो टाक होता, लख्ख. इतक्या वर्षांत काळा पडायला हवा होता. ती दर दिवाळीला रिठ्यानं धूत असणार, मला न दाखवता. तो हातात घेऊन मी किती वेळ बसलो आणि माझ्या मनात काय काय आलं, ते लिहीत नाही. एवढंच लिहितो, की मनात आलेलं त्या वेळी मला खरं वाटलं.

दुकान आता बंद आहे, पण हत्यारं घरी आहेत. वत्सलाचा टाक मी वैशाखात करायला घेतला. पत्रा ठोकला, कडा घासल्या. डोळ्यांपाशी हात थांबला तो थांबलाच. चार महिने ती फळीवर आंधळी उभी राहिली.

भाद्रपदात कौसाबाई आली. आता सत्तरीची, काठी टेकत. तिला बातमी उशिरा कळली होती. बसली, रडली, पाणी प्याली. मग फळीवरच्या टाकाकडे बघून म्हणाली, "डोळे काहून न्हाई उघडले?"

 मी पेटीतला टाक काढून तिच्यापुढं ठेवला. ती तो उलटसुलट बघत राहिली.

"तुम्हाला वाटतंय, माझं मरण तिनं घेतलं," ती म्हणाली. "मलाबी वाटलं, दादा. बातमी कळली तवा पह्यलं तेच वाटलं. येऊ का नगं, असं झाल्तं." मग म्हणाली, "मी तिला इचारलं व्हतं एकदा. म्हणलं, वैनी, तुम्हाला भ्या न्हाई वाटत का हे घरात ठिवायला? तं म्हणे, वाटतंय की. धुवायला काढते तवा हात कापतो माझा. पण ह्यान्ला माझ्याहून जास्ती वाटतंय. त्यांच्या हाती कशाला द्यायचं?"

तीस वर्षं मी एकटा घाबरतोय असं समजत होतो.

कौसाबाईनं आपला टाक उचलून पदराच्या गाठीत बांधला. "हे माझं. माझ्या येळेला भाचीच्या हातानं धाडून देईन. कोणी बसंल ह्या फळीवर त्याला सांगून ठिवा, इचारल्याबिगर डोळे उघडू नगं म्हणा." मग काठी बाजूला ठेवली, वत्सलाचा टाक माझ्यापुढं सरकवला आणि सरळ बसली. नाना बसायचे तशी.

"नाव काय?"

"वत्सला."

"कोण्या दिवशी गेली?"

"चैत्रात. दशमीला. सकाळी."

"तोंडात पाणी कोणी घातलं?"

मी तोंड उघडलं. शब्द आला नाही. कौसाबाई माझ्या डोळ्यांकडे बघत राहिली, घाई न करता.

"बराबर," ती म्हणाली. "आता उघडा."

मी कलम टेकवलं आणि नाव घेतलं.